भिमाजी बुवांचा डावा कान

भिमाजी बुवांचा डावा कान जाऊन तीन वर्षं होत आली. गेला म्हणजे कान जागेवर आहे, लहानपणी टोचलेलं भोकसुद्धा शाबूत आहे. पण आत काही पोचत नाही. कडी वाजवा, लाथ मारा, आतून कोणी "कोण हाय?" म्हणत नाही, असं ते बंद घर.

हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे बुवांना तसं वाटत होतं.

गाव नागझरवाडी, खर्ड्याच्या अलीकडं. बुवांची चार एकर जिरायत, दोन म्हशी आणि एक मृदंग. म्हशी दूध देतात म्हणून त्यांना पेंड मिळते. मृदंग काही देत नाही, तरी त्याला गव्हाची ताजी कणीक लागते. मृदंगाला दोन तोंडं असतात. उजव्या तोंडावर काळी शाई कायमची बसवलेली असते, ते गोड बोलतं. डावं तोंड म्हणजे धूम. तिला दर वेळी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा ती घुमते. कणीक कमी पडली तर रिकामा डबा बडवल्यागत वाजते, जास्त झाली तर सर्दी झाल्यागत. छबूबाई, म्हणजे बुवांची मालकीण, लग्न होऊन आली त्या वर्षापासून ही कणीक मळते. बिनमिठाची, चपातीपेक्षा जरा घट्ट. स्टीलच्या डबीत भरून देते आणि दर वेळी म्हणते, "घ्या, आधी सवतीला वाढलं. आता तुमी जेवायला बसा."

मृदंग गळ्यात अडकवायचा पट्टा बुवांनी भंगारातल्या जीपचा सीटबेल्ट कापून केला होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बुवा कीर्तनाला नाही, घाटातून गाडी घेऊन निघालेत.

गावात दरवर्षी सप्ताह बसतो. सात दिवस रोज कीर्तन आणि आठव्या दिवशी सकाळी काल्याचं. त्यात दहीहंडी फुटते आणि मग सगळं गाव जेवायला बसतं. आधीच्या सात कीर्तनांना मृदंग कोणीही वाजवो, कोणी ढुंकून बघत नाही. पण काल्याला मृदंग कोणाच्या गळ्यात आहे ते अख्खं गाव बघतं. एकतीस वर्षं तो बुवांच्या गळ्यात होता. सप्ताहाच्या फ्लेक्सवर त्यांच्या नावामागं 'मृदंगाचार्य' लागायचं. अर्थात फ्लेक्सवर सगळेच आचार्य असतात. साधं नाव छापलेलं असतं ते एकट्या आचाऱ्याचं.

कान गेला त्याला कारण मृदंगच. जुन्या काळी लाऊडस्पीकरचा कर्णा लिंबाला बांधायचे, तो नेमका बुवांच्या डाव्या अंगाला. वीस वर्षं त्यानं कान पोखरला. राहिलेलं काम भाच्याच्या लग्नात झालं. मामा म्हणून बुवा वरातीत पुढं, आणि त्यांच्या डाव्या खांद्याला डीजेची गाडी. वेशीपासून मांडवापर्यंत दोन तास लागले, कारण पोरं नाचत होती. त्यानंतर आठ दिवस कानात शिट्टी वाजत होती. नवव्या दिवशी शिट्टी थांबली आणि तिच्याबरोबर बाकीचंही सगळं थांबलं.

बुवांनी मग युक्ती काढली. कोणी डावीकडून काही बोललं की मान डोलवायची आणि "व्हय व्हय" म्हणायचं. माणसं खूश होतात, पुन्हा विचारत नाहीत. एवढंच की एकदा असं "व्हय" म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी मेहुण्याच्या पाच शेळ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चार महिने सांभाळायचं बुवांनी कबूल केलं होतं म्हणे.

कीर्तनात मात्र नुसतं "व्हय" म्हणून भागत नाही. मृदंगवाला कीर्तनकाराच्या उजव्या हाताला उभा राहतो, म्हणजे कीर्तनकार येतो त्याच्या डाव्या कानाला. मेल्या कानाला. बुवांनी तीन वर्षं कीर्तनकारांचे ओठ बघून काढली. महाराजांनी छाती भरली की चाल उचलायची आहे, खांदा पडला की थांबायचं आहे. इतक्या बारकाईनं त्यांनी छबूबाईचं तोंड उभ्या संसारात कधी बघितलं नव्हतं.

यंदा सप्ताहाचा अध्यक्ष भागवत झाला. भागवतचं जामखेडला सिमेंटच्या पत्र्याचं दुकान आहे, आणि पत्र्यासारखाच तो तापतो लवकर. तो सप्ताहाच्या आधी बुवांच्या ओट्यावर येऊन बसला. नशिबानं उजवीकडं.

"तात्या, यंदा सगळं लाइव्ह हाय. मोबाईलवर जगात दिसणार. पुण्या-मुंबईची आपली पोरं बघणार."

"बघू दे की."

"बघू दे न्हाई, तात्या. गेल्या साली दोनदा तुमचा हात मागं राहिला. लोकं बोलली. आता जामखेडला शिकलेली पोरं हायत, नट-बोल्टचा मृदंग असतो त्यांचा, कणीक न्हाई न काय न्हाई. पर तुमी जुनं माणूस. यंदाचा काला वाजवा. नीट झाला तर तुमचाच. न्हाई तर पुढच्या सालापासून पोरगं बघू."

बुवा म्हणाले, "व्हय व्हय." हे मात्र त्यांनी नीट ऐकून म्हटलं.

रात्री त्यांना जेवण गेलं नाही. छबूबाईनं विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय. खरं सांगायचं तर पोटात भीती होती. काल्याचा मृदंग गळ्यातून उतरला की गावात भिमाजी म्हणजे कोण? दोन म्हशीवाला. तसे गावात चाळीस जण आहेत.

काल्याच्या दिवशी सकाळी साऊंडवाला आला. कल्याण नाव, श्रीगोंद्याचा, असेल तिशीच्या आत-बाहेर. टेम्पोभर काळ्या पेट्या आणि हातात पाटीएवढा मोबाईल. त्या पाटीवर बोट फिरवलं की लांबचा आवाज कमीजास्त होतो. बुवा मृदंगाला कणीक थापत बसले होते, तिथं तो वायर घेऊन आला.

"बुवा, हे काय लावताय?"

"कणीक."

"कशाला?"

"भूक लागती तिला."

कल्याणनं धुमेच्या कडेला छोटासा माईक चिमट्यानं अडकवला. तो घसरला आणि कणकेत जाऊन रुतला.

"अहो बुवा, बाहेरच्या देशातला माईक हाय!"

"मग खाऊ दे की त्यालाबी इथला गहू."

कल्याणनं माईक पुसून पुन्हा लावला आणि एक तिरपी पेटी आणून बुवांच्या पायाशी ठेवली. "हा मॉनिटर. पब्लिकचा आवाज पब्लिकला, हा नुसता तुमच्यासाठी. ह्यात तुमाला पाहिजे ते ऐकू येतं. कमी वाटलं तर मला बोट वर करून दाखवा. बास झालं की तळवा दाखवा."

बुवांच्या जिवात जीव आला. एवढी सोय आहे म्हटल्यावर ओठ कशाला बघायचे? पण पेटी ठेवली ती डाव्या अंगाला. उजवीकडं ठेव म्हणावं तर तो विचारणार, का? उजवीकडं सहादेव नाना वीणा घेऊन उभे राहतात, ते विचारणार, का? बुवांनी पेटी तिथंच राहू दिली. त्यांनी हातोडी घेतली आणि सूर लावायला मृदंगाच्या वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकायला लागले.

कल्याणनं डावीकडून विचारलं, "मॉनिटरमधी काय काय देऊ? धूम, शाई, कीर्तनवाल्या ताईंचा गळा, हार्मोनियम?"

बुवा गठ्ठे ठोकतायत.

"बुवा! काय देऊ?"

ठक, ठक.

तिसऱ्यांदा विचारून कल्याण उठला. मनात म्हणाला, लई ताठा हाय म्हाताऱ्याला, घे मग तुझीच धूम. आणि त्यानं त्या मॉनिटरमध्ये नुसती धूम सोडली.

थोड्या वेळानं बुवांना वाटलं, ताईंचा आवाज येईल ना ह्यात, विचारावं. कल्याण पाठमोरा वायर गुंडाळत होता. बुवांनी त्याच्या उजवीकडून हाक मारली, "आरं ए साऊंडवाल्या!" तो वळला नाही. दुसरी हाक, तिसरी हाक. शेवटी बुवा सहादेव नानांना म्हणाले, "चार डबडी घिऊन आलाय तर किती माज!"

दहा वाजता कीर्तन उभं राहिलं. कीर्तनकार रुपालीताई, बीड जिल्ह्याच्या हद्दीवरच्या एका गावातल्या. पोरगी पस्तिशीची, पण बोलायला लागली की मिशीवाले माना खाली घालतात. मागं तीस टाळकरी, पुढं मांडवभर गाव आणि सगळ्यांच्या डोक्यावर दह्याची हंडी.

बुवांनी ताईंकडं बघितलं आणि त्यांचं पित्त खरोखर खवळलं. ताईंनी कानावरून वळवलेला तारेचा माईक लावला होता. त्याचा काळा गोंडा बरोबर त्यांच्या ओठांसमोर. ओठ दिसेनात! आता सगळी भिस्त पायातल्या पेटीवर, आणि पेटी बघावं तर मुकी.

ताईंनी सावकाश चालीत अभंग धरला. बुवांनी अंदाजानं हात टाकला. सम आली तसा उजवा हात उचलून त्यांनी कल्याणला एक बोट दाखवलं. वाढव.

आता गंमत अशी, की ते बोट एकट्या कल्याणनं बघितलं नाही. मागच्या तीस टाळकऱ्यांनीही बघितलं. ह्या पोरांना टाळ बुवांनीच शिकवला होता, आणि पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माझं बोट वर गेलं की लय चढवायची, इचारायचं न्हाई." पोरांनी विचारलं नाही. लय चढवली.

कल्याणनं पाटीवर बोट सरकवलं. धूम वाढली. बुवांच्या चांगल्या कानात टाळांचा गलका, त्यांना काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा बोट वर केलं. पोरांना वाटलं, बुवा आज रंगात हायत. आणखी चढवली. ताईंचा सावकाश अभंग घाट उतरणाऱ्या एस.टी.सारखा सुटला. ताईंनी वळून बुवांकडं डोळे वटारले. बुवांनी नमस्कार केल्यासारखी मान लववली, कारण तोंडावर माईक असला की राग आणि कौतुक सारखंच दिसतं.

तिसरं बोट गेलं तेव्हा कल्याणनं दात-ओठ खाऊन पार वरपर्यंत सोडलं. घे काय घ्यायचं ते.

मॉनिटरचा आवाज धुमेच्या माईकमध्ये शिरला, माईकमधून परत मॉनिटरमध्ये आला, आणि हूंऽऽऽ असा एक आवाज निघाला की बास. जात्यात डोकं घातल्यावर जसं वाटेल तसा. हंडीतलं दही थरथरायला लागलं. बायकांच्या मांडीवरची पोरं रडायला लागली, ती नुसतीच दिसत होती, ऐकू येत नव्हती. सगळ्या मांडवानं दोन्ही हात कानांवर घेतले.

बुवांना मात्र तो हुंकार कानापेक्षा पोटात लागला. त्यांना वाटलं, ही माझीच धूम! आज काय बोलतीया! एकतीस वर्षांत अशी बोलली नाही! त्यांनी डोळे मिटले आणि धुमेवर आणखी जोरात थापा टाकल्या.

तिकडं कल्याणनं मान वर केली तर सगळ्यांचे हात वर. त्याला वाटलं, धूम घुमतीया, कीर्तन रंगलं, पब्लिक हात वर करून डोलतंय. त्यानं समोरच्या मोठ्या पेट्यांचाही बेस वाढवला.

बुवांनी जरा वेळानं डोळे उघडले. बघतात तर सगळं गाव कान धरून बसलेलं, भागवतसकट. कीर्तनकार लोकांना कधीकधी कान धरायला लावतात हे बुवांना माहीत होतं. दारू सोडा, तंबाखू सोडा, धरा कान, म्हणा चुकलो. बुवांना वाटलं, ताईंनी तसलंच काही सांगितलंय आणि आपल्याला ऐकू गेलं नाही. आता आपणच तेवढे राहिलो तर मोबाईलवर जगात दिसणार! त्यांनी घाईघाईनं मृदंग थांबवला, आणि तीस टाळकऱ्यांच्या पुढं, सीटबेल्ट गळ्यात तसाच ठेवून, दोन्ही हातांनी आपल्या कानाच्या पाळ्या धरल्या. वर डोळे मिटून पुटपुटले, "चुकलो, देवा."

भागवतनं धावत जाऊन बोर्डावरची पिन उपटली. सगळं एकदम गप झालं.

त्या शांततेत रुपालीताई म्हणाल्या, "बुवा, काय झालं?"

बुवा कान धरून उभे. चांगल्या कानात तो हुंकार अजून घुमत होता.

"बुवा."

बुवा उभे.

मग मांडवातूनच कोणी बाई मोठ्यानं म्हणाली, "आगं बाय, म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाई!" आणि आधी एक जण हसला, मग दहा, मग सगळं गाव.

बुवांनी पाळ्या सोडल्या. हसणं त्यांना उजव्या कानानं ऐकू आलं, आणि कशाबद्दल आहे तेही कळलं. त्यांनी सीटबेल्टच्या पट्ट्याला हात घातला.

भागवत मोबाईल कानाला लावतच स्टेजवर चढला. "ताई, धाच मिनिटं. जामखेडवरनं दुसरा मृदंग येतोय, पोरगं एकदम तयारीचं हाय. तात्या, उतरवा तुमी. बसा आता खाली."

रुपालीताईंनी तोंडावरचा माईक मानेवर ढकलला, दोन पावलं टाकली आणि बुवांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"बुवा, कोणता कान चालू आहे?"

बुवांनी उजव्या कानाला हात लावला.

"दुसरा कधीपासून बंद?"

"तीन वर्सं."

"मग गेल्या साली खर्ड्यात माझ्या कीर्तनाला तुम्हीच होता ना? तेव्हा कसं वाजवलं?"

"तुमच्या तोंडाकडं बघून, ताई. राग मानू नका. आज तुमी तोंडाफुडं ते काळं बोंड लावलंया."

मांडव पुन्हा हसला, पण ह्या वेळी ताईही हसल्या. मग त्या कल्याणकडं वळल्या. तो खाली पाटी घेऊन उभा होता.

"आणि दादा, तुम्हाला मी पाच वेळा ओरडून सांगितलं, आवाज कमी करा. हातवारे केले. तुम्ही आणखी वाढवला. तुमचा कोणता बंद आहे?"

कल्याणनं मान खाली घातली. मग हळूच उजव्या कानाला हात लावला. "सहा वर्षं डीजेवर हुतो, ताई. ह्याचं अजून घरी सांगितलं न्हाई."

बुवांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं बुवांकडं बघितलं. सकाळपासून एकमेकांना माजोरडे म्हणणारे हे दोघं, आणि दोघांत मिळून कान दोन.

भागवत म्हणाला, "ताई, पोरगं निघालंय."

"येऊ द्या, प्रसाद घेऊन जाईल," ताई म्हणाल्या. "पण काला कोण वाजवणार ते बुवांनी सांगायचं. बुवा, तुमचं तुम्ही बोला. जमतंय का?"

बुवांचा हात अजून पट्ट्यावर होता. समोर सगळं गाव. तीन वर्षं जे झाकलं ते उघड्यावर पडलंच होतं, आता झाकायला काही उरलं नव्हतं.

"कल्याण," ते म्हणाले. मग थांबले, स्टेजच्या कडेला चालत गेले आणि त्याच्या डाव्या कानाशी वाकून पुन्हा म्हणाले, "कल्याण, ती पेटी उचल. माझ्या उजव्या अंगाला ठेव. आन त्यात माझी धूम नको. माझी धूम मला पोटात कळती. ताईंचा गळा दे त्यात. निस्ता गळा."

"सकाळी तीनदा हेच विचारलं ना, बुवा!"

"डावीकडनं इचारलं असशील."

पेटी उचलून उजवीकडं आणली तर तिथं सहादेव नाना वीणा घेऊन उभे. "हितं बावीस वर्सं मी उभा हाय, ह्या डबड्यापायी हलायचा न्हाई." ताईंनी त्यांना हात जोडले, तेव्हा ते एक वीत सरकले. कल्याणनं आणखी एक वीत ढकलले.

बुवांनी धुमेवरची कणीक बघितली. भीतीनं त्यांनी सकाळी जवळजवळ दुप्पट थापली होती. नखानं निम्मी खरवडून काढली, डबीत टाकली, थाप मारून बघितली. मग टाळकऱ्यांकडं वळले. "पोरांनो, आज माझं बोट वर गेलं तर तुमी बघायचं न्हाई. ते ह्या कल्याणचं हाय. लय ताईंकडं बघून."

भागवतनं पिन लावली. ताईंनी तोच अभंग पहिल्यापासून धरला. पायातल्या पेटीतून त्यांचा गळा बुवांच्या उजव्या कानात आला, अगदी जवळ, कोणी खिडकीत उभं राहून बोलावं तसा. श्वास घेतलेलासुद्धा कळत होता. बुवांनी एक आवर्तन नुसतं ऐकलं. गावाला वाटलं, पुन्हा बंद पडले काय. दुसऱ्या आवर्तनाला त्यांनी समेवर थाप टाकली, आणि ती जिथं पडायला पाहिजे तिथंच पडली.

त्यांनी तळवा दाखवला. बास.

पुढचा दीड तास बुवांनी ताईंच्या तोंडाकडं एकदाही बघितलं नाही. शेवटी हंडी फुटली, दही सगळ्यांच्या डोक्यावर, थोडं कल्याणच्या पाटीवर. जामखेडचं पोरगं नट-बोल्टचा मृदंग घेऊन आलं होतं, ते मांडवाच्या दांडीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिलं. मग बुवांना येऊन विचारलं, कणकेत पाणी किती असतं. बुवांनी त्याला छबूबाईकडं पाठवलं.

दुपारी पंगत बसली. बुवा आणि कल्याण शेजारी बसले होते, चांगला कान चांगल्या कानाकडं करून. छबूबाई आमटी वाढत होती. भागवत आला, बुवांच्या डाव्या बाजूला उकिडवा बसला आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. बुवा बुंदी खात राहिले. भागवतनं पुन्हा सांगितलं. बुवांनी आणखी बुंदी मागितली.

छबूबाईनं आमटीचं भांडं खाली टेकवलं. "भागवत, हिकडं उजवीकडं ये. त्या कानाशी फकस्त मी बोलती. तीन वर्सं झाली, मनात येईल ते बोलून घेती."

बुवांचा घास हातातच राहिला. "म्हंजी तुला ठावं हुतं?"

"तुमी शेळ्यांना व्हय म्हणला, तवाच."

"आन काय काय बोललीस?"

"ते आता पंगतीत कसं सांगू!"

भागवत निमूटपणे वळसा घालून उजवीकडं आला आणि म्हणाला, "तात्या, मी म्हणत हुतो, पुढच्या सालीबी काल्याला तुमीच. पेटी उजवीकडं लावू."

बुवांना लख्ख ऐकू आलं. त्यांनी हात कानामागं नेला.

"काय म्हणला?"

"काल्याला तुमीच!"

"मोठ्यानं बोल, भागवत. ऐकू येत न्हाई मला."

भागवत उभा राहून ओरडला. अख्ख्या पंगतीनं ऐकलं, वाढप्यांनीही ऐकलं, दांडीला टेकलेल्या पोरानंही ऐकलं. बुवांनी शांतपणे मान डोलवली आणि आमटीसाठी द्रोण पुढं केला.